गेशेने टेबल वाजवलं

ओस्टरमूर गावात कुणाच्या घरी गेलं आणि माणसं आधीच टेबलाभोवती बसलेली असली, तर एकेकाचा हात हातात घेत फिरायची पद्धत नाही. तोवर चहा गार होतो. आत यायचं, टेबलाच्या कडेवर बोटांची पेरं दोनदा वाजवायची, ‘मोइन’ म्हणायचं आणि रिकामी खुर्ची धरायची. सगळ्यांना एकदम नमस्कार पोहोचतो. उठतानाही तसंच. चर्चच्या महिला मंडळात तेच, अग्निशमन दलाच्या वार्षिक जेवणात तेच, मयतानंतर कॉफीला बसलेल्या घरातसुद्धा तेच. गेशे उल्फर्ट्स ह्याच गावात जन्मली, इथेच तिचं लग्न झालं, आणि पन्नाशी उलटेपर्यंत तिने अशी किती टेबलं वाजवली ते देवालाच ठाऊक. त्या टकटकीने एखाद्या पोराचं नुकसान होईल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

गेशे म्हणजे चर्चच्या बालवाडीतली स्वयंपाकीण. बटाटे सोलता सोलता रडणाऱ्या पोराला कडेवर घ्यायचं, सूप ढवळता ढवळता कुणाच्या बुटाची नाडी बांधायची, असं करत ती स्वयंपाकघरातून कधी वर्गात सरकली ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. पण कागदोपत्री ती मदतनीसच. मुलगी तोम्के ब्रेमेनला नोकरीला लागली, घर रिकामं झालं, आणि एका रविवारी उपासनेनंतर पाद्रीणबाईंनी तिला गाठलं. म्हणाल्या, “गेशे, आता इतकी वर्षं काम केलेल्या माणसाला शाळेची शेवटची मोठी परीक्षा दिलेली नसली तरी विद्यापीठात घेतात. बालशिक्षणाची पदवी कर. देवाने तुला पोरांसाठीच घडवलंय.” पाद्रीणबाई बोलून गेल्या, पण गेशेची झोप उडाली. तिने प्रार्थना केली, अर्ज केला, आणि देवाने नाही म्हणावं अशी मनातून थोडी आशाही केली. देव हो म्हणाला.

“आता काय बाई, प्रोफेसरीणबाईंच्या हातचा चहा पिणार आपण!” तिचा नवरा हाब्बो म्हणाला. हाब्बो दुधाचा टँकर चालवतो; बोलतो कमी आणि बोलला की चिमटा काढतो.

“गप रे. आधी पहिला दिवस तर निभावू दे.”

 पहिल्या दिवशी ती दहाच्या ठोक्याला वर्गात हजर, आणि वर्ग सगळा रिकामा. खोली चुकली असेल म्हणून ती फळ्यापाशी उभी राहून उघड्या दारावरचा आकडा हातातल्या कागदाशी ताडून बघत राहिली. पाव तास होत आला तशी पोरं येऊ लागली. फळ्यापाशी पांढरे केस, हातात पिशवी, नाकावर चष्मा. पोरं आपली चिडीचूप बसली, वह्या काढल्या. शेवटी एका मुलीने बोट वर करून विचारलं, “तुमच्या तासाला हजेरी सक्तीची आहे का?”

“बाई गं, मलाही तेच विचारायचं होतं,” गेशे म्हणाली.

वर्ग इतका हसला की खऱ्या बाई, डॉक्टर केस्टनर, आत आल्या तेव्हा त्यांना आपल्यालाच हसतायत असं वाटलं. बोट वर करणारी मुलगी फेन्या. ती पुढे गेशेच्या शेजारी बसू लागली.

त्या दिवशी तिला कळलं की विद्यापीठात वेळेपुढे एक लॅटिन अक्षर लिहितात. ‘सी’ असलं की तास पाव तास उशिराने सुरू होतो, ‘एस’ असलं की अगदी ठोक्याला. बहुतेक सगळीकडे ‘सी’च असायचं, म्हणून पुढे पुढे तिने अक्षराकडे बघणंच सोडलं. हेही कळलं की इथे विद्यार्थी विद्यार्थ्याला तू म्हणतो आणि शिकवणाऱ्याला तुम्ही. मधलं काही नाही. पण गेशेच्या बाबतीत पोरांची जीभ मध्येच लटकायची. “तुम्ही ते पान… तू ते पान घेतलंस का… घेतलंत?” असं चालायचं. तिने दहादा सांगितलं, मला तूच म्हणा. पोरं मान हलवायची आणि पुन्हा अडखळायची. तिला वाटायचं, आपण ह्या वर्गात पाहुणे आहोत, आणि पाहुणे फार दिवस राहिले की यजमान कंटाळतात.

आणि एक गोष्ट तिला कळली असं वाटलं, पण कळली नव्हती. पहिला तास संपला तेव्हा सगळ्या वर्गाने बाकं वाजवली. टकटकटक, जशा गारा पडाव्यात. गेशेला भरून आलं. काय गुणाची पोरं! उठताना बाईंचा निरोप घेतायत, अगदी आपल्या गावासारखा. तिनेही जोरात वाजवलं. विद्यापीठात टाळ्यांऐवजी असं बाक वाजवून ‘शाबास’ म्हणतात हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि सांगायची वेळही आली नाही. कारण बाक दर वेळी शेवटीच वाजायचं, आणि निरोपही शेवटीच घेतात.

पहिल्याच आठवड्यात वरच्या वर्गातल्या एका पोराने नव्या मुलांना चालीरीती सांगितल्या होत्या. फोन बंद. वर्गात वास येणारं खाऊ नका. उशीर झाला तर मागच्या दाराने या, एक शब्द न बोलता बसा, माफी मागत बसू नका, त्याने जास्त अडथळा होतो. गेशेने हे सगळं सुबक अक्षरात उतरवून घेतलं होतं. पण मुकाट्याने आत शिरणं तिच्या पचनी पडेना. माणसांनी भरलेल्या खोलीत नमस्कार न करता घुसायचं? तसं गुरंही करत नाहीत.

मग तो मंगळवार आला. डॉक्टर केस्टनरांच्या तासाला विद्यार्थ्यांची भाषणं सुरू झाली होती. ज्याचं भाषण नीट झालं त्यालाच पुढच्या वर्षात पाऊल टाकता येई. त्या दिवशी थिलो ब्रांडेसचा नंबर होता. विषय: पहिल्यांदाच आईला सोडून बालवाडीत आलेलं मूल. सूचनेवर वेळेपुढे ‘एस’ होता. गेशेने दहा वाचलं, खाली कॉफी घेतली आणि सव्वादहाला समाधानाने दार उघडलं.

वर्ग भरलेला. थिलो समोर उभा, आणि नेमका तेव्हाच तो थांबलेला. हातातले कागद चाळत होता. खोलीत टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि सगळ्या माना गेशेकडे वळलेल्या.  मेंदूने मागचं दार आठवायच्या आत हाताने आयुष्यभराचं काम केलं. जवळच्या बाकावर तिने पेरं दोनदा वाजवली.

“मोइन,” ती पुटपुटली.

‘मोइन’ कुणाला ऐकू गेलं नाही. टकटक मात्र गेली. मागच्या रांगेतल्या एकाला वाटलं भाषण संपलं, त्याने वाजवलं. त्याचं ऐकून पुढच्याने. क्षणात सगळा वर्ग बाकं वाजवत होता. थिलो तोंड उघडं ठेवून बघत राहिला. मग त्याने कागदांची घडी घातली आणि खाली बसला. डॉक्टर केस्टनरांनी घड्याळात पाहिलं, भुवई उचलली, म्हणाल्या, “बरं. थोडक्यात आटोपलंत, ब्रांडेस. आभार. पुढे कोण?”

गेशे फेन्याशेजारी येऊन बसली. फेन्या कुजबुजली, “त्याचं संपलं नव्हतं गं. तू… तुम्ही का वाजवलंत?”

“म्हणजे? मी नमस्कार केला.”

“नमस्कार?”

“आत आल्यावर करतात तो.”

फेन्याने तोंडावर हात ठेवला. हसू होतं की भीती ते कळेना. “अहो, बाक वाजवणं म्हणजे टाळ्या! तुम्ही त्याचं भाषण मध्येच बंद पाडलंत. आणि तो गेल्या वर्षी ह्याच तासाला नापास झालाय. ह्या वेळी गेला तर त्याला हे शिक्षणच सोडावं लागेल.”

गेशेला पुढचं एक अक्षर ऐकू आलं नाही. तास संपताच तिने थिलोला शोधलं, पण तो नाहीसा झाला होता.

घरी चहाच्या वेळी ती नुसती कपाकडे बघत बसली. हाब्बोने खडीसाखरेवर चहा ओतला, साखर तडकली, साय वर आली. शेवटी तिने सगळं सांगितलं.

हाब्बो आधी पोट धरून हसला. मग तिचा चेहरा बघून थांबला. “बरं, बरं. पोरगा मेला नाही ना? माफी माग आणि मोकळी हो.”

“माफीने त्याचं वर्ष परत येणार आहे का? एखादं पोर बोलायला उभं राहतं, त्याची जीभ अडकते, आणि नेमकं तेव्हा मी सगळ्या वर्गाकडून त्याला बसवते. मी! जिने जन्मभर पोरांना बोलतं केलं!”

बुधवारी थिलो दिसला नाही. गुरुवारी सकाळीही नाही. गेशे व्याख्यानाला बसायची, दार वाजलं की मान वळवायची, आणि वहीत उतरवलेलं वाक्य अर्ध्यावर राहायचं. पोरगा सोडून गेला असेल. कुठे तरी एकटा बसला असेल. तिने देवाला विनवलं, तो एकदा दिसू दे, पुढचं मी बघते.

दुपारी भोजनालयात तो दिसला. मसुरीच्या सूपमध्ये पाव बुडवून मजेत खात होता. गेशे ताट हातात घेऊन समोर उभी राहिली. 

“थिलो, मंगळवारी ते माझ्यामुळे झालं. आमच्या गावी आत आल्यावर टेबल वाजवतात. मला माहीत नव्हतं…”

“तुम्ही होतात?” त्याने चमचा खाली ठेवला आणि त्याच्या चेहऱ्यावर एवढं मोठं हसू पसरलं की ती गोंधळली. “बसा, बसा ना. मी तुम्हाला केक खाऊ घालायला पाहिजे!”

“केक?”

त्याने इकडेतिकडे पाहिलं, पुढे वाकला. “पुढचं भाषण नव्हतंच. अर्धंच लिहिलं होतं मी. आदल्या दिवशी सकाळी सुरू केलं, म्हटलं होईल. झालं नाही. कागद चाळत होतो ना, ते कोरे होते. आता मेलो असं वाटलं, आणि तेवढ्यात टक् टक्! देवदूत आला माझ्यासाठी.”

गेशेला आपल्याला देवदूत म्हटलेलं मुळीच आवडलं नाही.

“पण मग हे खोटं झालं की.”

“कुणी खोटं बोललं? मी गप्प बसलो. तुम्हीही गप्प बसा. प्लीज. बाईंच्या लक्षात आलेलं नाही. माझे वडील छपरं घालतात; ह्या वेळी नापास झालो तर सरळ शिडीवर चढवतील, आणि मला उंचीची भीती वाटते.”

तिने ताट टेकवलं, पण तिचं सूप तसंच राहिलं.

घरी हाब्बो म्हणाला, “चला, सुटलीस! पोराचं भलंच केलंस की.”

“भलं कसलं? वर्गातल्या बाकीच्यांनी रात्रंदिवस एक करून भाषणं केली. आणि हा माझ्या टकटकीवर पास होणार.”

“तुला कुणी विचारलंय का?”

“विचारलं नाही म्हणून झालेलं बदलतं का?”

“गेशे, तू प्रत्येक गोष्टीत चर्च आणतेस.”

पण तिला झोप नव्हती. बोललं तर पोर बुडतं, गप्प बसलं तर आपण रोज सकाळी हात जोडतो त्याला अर्थ काय. शेवटी तिने स्वतःशी ठरवलं: आपणहून चहाडी करायची नाही, आणि कुणी तोंडावर विचारलं तर खोटं बोलायचं नाही. एवढ्यावर देवाने भागवून घ्यावं.

देवाने भागवून घेतलं नाही. शुक्रवारी ग्रंथालयाच्या जिन्यात डॉक्टर केस्टनर समोरून आल्या.

“उल्फर्ट्सबाई, बरं झालं भेटलात. मंगळवारी पहिल्यांदा बाक तुम्हीच वाजवलंत ना? मी गुणांची नोंद करतेय. ब्रांडेसांचं भाषण संपलं असं तुम्हाला कशावरून वाटलं? मला तर ते मध्येच तुटल्यासारखं वाटलं.”

 क्षणभर गेशेला वाटलं, म्हणावं, तो कागदांची घडी घालताना दिसला म्हणून. किती सोपं होतं. आणि घडी नंतर घातली हे बाईंना कुठे आठवणार होतं?

“मला तसं वाटलं नव्हतं,” ती म्हणाली. “मी ‘एस’ बघितला नाही, म्हणून उशिरा आले. आमच्याकडे बसायच्या आधी टेबल वाजवून नमस्कार करतात. मी नमस्कार केला. बाकीच्यांचा गैरसमज झाला.”

डॉक्टर केस्टनरांच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्या हसल्या नाहीत. “म्हणजे भाषण अपुरंच राहिलं.”

“ते तुम्ही त्यालाच विचारा. माझं मी सांगितलं.”

“विचारायचं काय, उरलेलं येत्या मंगळवारी ऐकू. त्यांच्यावर अन्याय नको व्हायला. त्यांना तुम्हीच कळवाल? ठोक्याला दहा.” आणि त्या निघून गेल्या.

अन्याय नको! गेशे कठड्याला धरून उभी राहिली. तिच्या खरं बोलण्याने पोराच्या गळ्यात फास पडला होता, आणि तो निरोपही तिनेच न्यायचा होता.

थिलो बाहेर सायकलींच्या रांगेपाशी सापडला. तिने एका दमात सांगितलं. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल.

“मी तुला सांगितलं होतं ना! हात जोडून सांगितलं होतं! तुला काय कळतं गं? तुझं काय जातंय? तुझी पोरं मोठी झाली, नवरा कमावतोय, तू इथे हौस म्हणून येतेस!”

ते तिला लागलं. फार लागलं. आणि तरी कुठेतरी तिच्या कानाने टिपलं की ह्या विद्यापीठात पहिल्यांदाच कुणीतरी न अडखळता तिला तू म्हणालं.

“हौस नाही,” ती म्हणाली. “पण ते राहू दे. मंगळवारपर्यंत वेळ आहे. चल.”

“कुठे?”

“ग्रंथालयात. आत्ता.”

“आत्ता शुक्रवार दुपार आहे!”

“म्हणूनच बाकं रिकामी असतील.”

तो आला. रागारागात, पिशवी आपटत, पण आला. बसल्या बसल्या त्याने फोन काढला. गेशेने हात पुढे केला. बालवाडीत पोरांच्या तोंडातला खडा काढायला करायची तसाच. त्याने मुकाट्याने फोन दिला.

मग तिने आपली टिपणं पुढे ठेवली. त्याच विषयावरचं पुस्तक तिने वाचून ठेवलं होतं. थिलोने पानं उलटली आणि डोळे मोठे केले.

“हे काय आहे?”

“टिपणं.”

“ही टिपणं नाहीत, हे पुस्तकच आहे! पहिल्या पानापासून सगळं उतरवलंयस. छापखान्याचा पत्तासुद्धा!”

“राहून काही जायला नको.”

“देवा! म्हणून तू रोज रडकुंडीला आलेली असतेस.” त्याने तिची वही बंद केली. “आधी शेवटचं प्रकरण वाचायचं. लेखकाला म्हणायचं काय आहे ते तिथे असतं. मग स्वतःला एक प्रश्न विचारायचा, आणि त्याचं उत्तर जिथे असेल तेवढंच वाचायचं.”

“हे सगळं तुला येतं, मग तू नापास का होतोस?”

थिलो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “सुरूच करत नाही मी. सुरू केलं की कळेल ना, आपल्याला जमत नाही ते.”

 गेशेलाही नेमकी तीच भीती होती. ती फक्त पानंच्या पानं उतरवून भीती झाकायची. तिने एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. “एक वाक्य लिही. वाईट लिही. पण लिही.”

त्याने वाईट वाक्य लिहिलं. मग दुसरं. ती बालवाडीतलं काही सांगू लागली की तो म्हणायचा, “मला आयतं नको देऊस, पुस्तकातलं मला काढू दे.” आणि तो काही पाठ म्हणू लागला की ती पुस्तक मिटायची. “आता न बघता सांग. मला नाही, त्या खुर्चीला सांग.” दोनदा ग्रंथपालबाईंनी ओठांवर बोट ठेवलं, म्हणून ते बाहेर जिन्यावर जाऊन बसले. शनिवारी पुन्हा. रविवारी गेशे उपासनेला गेली, प्रार्थनेत त्याचं नाव घेतलं, आणि दुपारची गाडी पकडून पुन्हा आली. हाब्बोने डब्यात सफरचंदाचा केक दिला. “देवदूताला,” तो म्हणाला, “आणि त्याच्या भक्ताला.”

मंगळवारी गेशे दहाला बरीच मिनिटं असतानाच वर्गात होती. मागच्या दाराने आली आणि हात मांडीखाली दाबून बसली. थिलो आला तो कागदासारखा पांढरा. डॉक्टर केस्टनरांनी वर्गाला सांगितलं, “गेल्या वेळी गैरसमजाने एक भाषण तुटलं. आज ते पुरं होईल.” कुणाचं नाव घेतलं नाही.

थिलोने घसा खाकरला. “पूर्ण होईल म्हणायच्या आधी…” तो थांबला. गेशेला वाटलं, संपलं, आता हा पळणार. “गेल्या वेळी माझ्याकडे पुढचं नव्हतंच. मी लिहिलं नव्हतं. ते आता लिहिलंय. बाई, तुम्हाला चालेल का ते तुम्ही ठरवा.”

 हे असं बोलायचं ठरलं नव्हतं. गेशेने डोळे मिटले. डॉक्टर केस्टनरांनी गुणांच्या नोंदीत काहीतरी खोडलं.

“पहिल्या भागाला आता पूर्ण गुण मिळणार नाहीत,” त्या म्हणाल्या. “उरलेलं ऐकते. बोला.”

तो बोलला. आधी फार भरभर. मग आईची पाठ वळल्यावर दाराशी उभ्या राहणाऱ्या मुलाचं सांगताना त्याचा वेग उतरला. त्या मुलाला ‘रडू नकोस’ म्हणण्यात काय चूक आहे हे त्याने स्वतःच्या शब्दांत सांगितलं. एकदा अडकला. कागद चाळले. पण ह्या खेपेला कागद कोरे नव्हते. त्याला ओळ सापडली. एका प्रश्नाला उत्तर आलं नाही, तेव्हा ‘मला माहीत नाही, बघून सांगतो’ म्हणाला.

तास संपल्यावर केस्टनरबाईंनी त्याला टेबलापाशी बोलावलं. गेशे दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली, बंद दाराकडे बघत. तिला बालवाडीच्या दाराबाहेर अशाच उभ्या राहणाऱ्या कितीतरी आया आठवल्या.

थिलो बाहेर आला. “निसटलो,” तो म्हणाला. “अगदी काठावर. म्हणाल्या, पुढच्या वेळी आदल्या दिवशी सुरू केलंत तर मला लगेच वास येईल.” आणि तो भिंतीला टेकून खाली घसरला, जमिनीवरच बसला.

“देवाचे आभार,” गेशे म्हणाली.

“तू शिडीपासून वाचवलंस मला. आधी ढकललंस, मग वाचवलंस.” तो वर बघत म्हणाला. “आणि ते हौसेचं बोललो ना… सोड. तुझं भाषण कधी आहे?”

“पुढच्या महिन्यात.” 

“किती झालंय?”

“वाचून उतरवून झालंय सगळं. जाड वही भरलीय.”

थिलोने दोन्ही हातांनी डोकं धरलं. “उद्या सकाळी ये. त्या वहीचं एक पान करायचंय.”

“एक पान? राहिलेलं सगळं कुठे जाईल मग?”

“तेच तर आहे, गेशे. ते जाऊ द्यायचं.”

गाडी चुकेल म्हणून ती घाईने निघाली. स्टेशनापर्यंत तिने पिशवी छातीशी घट्ट धरली होती. त्या वहीतलं काय ठेवावं आणि काय सोडावं ह्याचा विचार करत, आणि मधूनमधून पुटपुटत. देवाशी की स्वतःशी, ते समोरून येणाऱ्यांना कळत नव्हतं.